स्टड कोणी तोडला

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला तसं बीरगांवात पत्र्याखाली उभं राहणं मुश्कील झालं. दयाराम मेश्रामचं गॅरेज म्हणजे बंद पडलेल्या राइस मिलच्या भिंतीला टेकवलेले पत्रे आणि पुढे तेल पिऊन काळी झालेली जमीन. शेजारच्या उरल्याच्या कारखान्यांतली भुकटी वाऱ्यावर येऊन पान्यांवर, चहाच्या पेल्यात, माणसांच्या पापण्यांवर बसायची. सकाळी पत्र्यावर टाकलेली ओली पोती दुपारपर्यंत पापडासारखी कडक व्हायची.

काम तसंही आटलं होतं. नव्या गाड्यांची माणसं आता शहरात, लिफ्ट असलेल्या गॅरेजात जायची. दयारामकडे राहिले होते मालवाहू टेम्पो आणि म्हाताऱ्या जीपा. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती त्याच्या बायकोशिवाय, सरलाशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. साखरेच्या आजारानं त्याच्या बोटांचे शेंडे बधिर झाले होते. ज्या हातानं आयुष्यभर इंजिनाच्या पाठीमागे, नजर पोचत नाही तिथं, नट चाचपून ओळखला, त्या हाताला आता भाकरी गरम आहे की थंड तेसुद्धा कळत नव्हतं. सकाळी शर्टाची गुंडी लावताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. सरला पाहायची, पण लावून द्यायला पुढे यायची नाही. तेवढं ती जाणत होती.

अशा दिवसांत शिशिर वकिलाची गाडी आली.

शहरातल्या तात्यापारा मोहल्ल्यातलं हे जुनं मराठी घर. शिशिरचे वडील यज्ञेश्वरराव मास्तर होते तेव्हापासून त्यांच्या गाड्या दयारामच्या हाताखालून गेल्या होत्या. मधली काही वर्षं शिशिर समता कॉलनीत लोकेशकडे जाऊ लागला होता. लोकेश साहू म्हणजे दयारामचाच चेला. पोरवयात हाताखाली आला, सरलाच्या हातचं जेवून मोठा झाला, आणि हात बसल्यावर आपलं दुकान टाकून बसला. त्यात वाईट काही नव्हतं. तरी एकेक गिऱ्हाईक त्याच्याकडे वळलं तसं दयारामच्या मनात काहीतरी साचत गेलं होतं.

शिशिर गाडीतून उतरत म्हणाला, "दयारामजी, सकाळी सुरू केली की टकटक आवाज येतो. गरम झाली की कमी होतो. आणि आत धुराचा वास येऊन राहिला. बाबांना मागे बसवलं की खोकून खोकून जीव जातो त्यांचा. या आठवड्यात त्यांना नागपूरला छातीच्या डॉक्टरकडे न्यायचंय."

"लोकेशले नाही दाखवली?"

"त्याच्याकडे नंबरच लागत नाही. आणि बाबा म्हणाले, दयारामकडेच ने."

दयारामनं बोनेट उघडलं आणि कान खाली नेला. कान अजून शाबूत होते. डिझेलचं टर्बो इंजिन. हेडमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातून, लोखंडी काड्या बाहेर येतात, त्यांना स्टड म्हणतात. त्यांच्यावर धूर बाहेर नेणारा बिडाचा नळ, म्हणजे मॅनिफोल्ड, बसतो आणि नटांनी आवळला जातो. मॅनिफोल्डलाच टर्बो, म्हणजे त्या धुरावर फिरणारा पंखा, लटकलेला असतो. सगळी आग तिथून जाते. तापून, निवून, पुन्हा तापून हे स्टड थकतात आणि नट ढिले होतात. मॅनिफोल्डच्या कडेला काजळीचा पट्टा उमटला होता. धूर तिथूनच फुटत होता.

"नट ढिल्ले झाले. स्टडही गंजले," तो म्हणाला. "सारेच बदला लागतीन. करून देतो."

गंजलेल्या नटाशी दांडगाई करायची नसते. आधी गंजाचं तेल सोडायचं, रात्रभर मुरू द्यायचं, मग गॅसच्या बत्तीनं तापवायचं, थोडं कसायचं, थोडं सोडायचं. हे त्यानंच लोकेशला शिकवलं होतं, आणि एकदा घाई केली म्हणून त्याच्या पाठीत धपाटाही घातला होता. पण शिशिर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाहत होता. किती दिवसांनी असं गिऱ्हाईक परत आलं होतं. आजच एकदोन नट काढून दाखवावेत, जुना हात अजून आहे हे कळावं, असं दयारामला वाटलं. त्यानं तेल मारलं, बिडी संपेपर्यंत वाट पाहिली आणि पाना लावला.

पहिला नट सुटला. दुसराही सुटला. टर्बोजवळचा तिसरा अडला. दयारामनं दांड्याला पाइप घातला आणि जोर लावला. नट किंचित फिरला, आणि मग मऊ फिरायला लागला. जिवंत बोटांच्या माणसाला तो मऊपणा दांड्यातून समजतो, की हा नट सुटत नाही, आतला स्टडच पिळतो आहे. तिथं थांबायचं असतं. दयारामला वाटलं, सुटला. त्यानं अंग टाकलं.

बारीक काड् असा आवाज झाला आणि पाना हलका होऊन हातात आला. नटात अडकलेला स्टडचा तुकडा पान्यातून घरंगळून खाली पडला. उरलेला स्टड हेडच्या आत, भोकाच्या तोंडाशी सपाट होऊन राहिला होता. पकडायला केसभर जागा नव्हती.

"काय झालं?" शिशिर खुर्चीवरून उठला.

दयाराम वाकलेलाच राहिला. त्याच्या तोंडातून जे आलं ते त्यानं ठरवून आणलं नव्हतं, पण अडवलंही नाही.

"मागच्या बारीले हे कोणं खोललं होतं?"

"लोकेशनं. टर्बो बदलला तेव्हा."

"मंग बरोबर. बेहिसाब कसून ठेवलं त्यानं. स्टड आतमंदी तुटेलच होता. हात लावल्याबरोबर आला."

शिशिरचं तोंड उतरलं आणि मग लाल झालं. तो वकील माणूस, त्यानं तिथंच फोन लावला. "लोकेश, तू मॅनिफोल्डचा स्टड तोडून तसाच ठेवून दिला होतास? दयारामजी इथं समोर दाखवून राहिलेत मला. माझ्या म्हाताऱ्या बापाच्या छातीत धूर जाऊन राहिला एवढ्या दिवसांचा. तुला पैसे कमी दिले होते काय मी?" तो बराच वेळ बोलला. पलीकडचा आवाज बारीक येत होता. दयारामला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं.

"उस्ताद बोल रहे हैं?"

"हो, तेच बोलून राहिले," शिशिर म्हणाला. त्यानंतर पलीकडून काही आलं नाही.

शिशिर ऑटो करून गेला. दयारामनं खाली पडलेला तुकडा उचलला आणि भंगाराच्या डब्यात तळाशी सरकवला.

त्या रात्री सरलानं बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, वाढली, वर कांदा आणि आंब्याचं लोणचं. दयाराम खाली मान घालून जेवत होता. तिनं त्याचा उजवा हात धरून दिव्याकडे वळवला. तर्जनीच्या पेरावर टम्म फुगलेला फोड होता.

"हे कधी झालं?"

तो पाहतच राहिला. गाडीच्या तापलेल्या मॅनिफोल्डला बोट टेकलं असणार. त्याला आताच दिसत होतं.

"तुमाले समजलंबी नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "वकिलाच्या गाडीचं काय झालं? नत्थू सांगून राहिला, लोकेशनं काही तोडून ठेवलं म्हणे."

नत्थूची चहाची टपरी गॅरेजला लागून होती. तिथं कळलं म्हणजे बीरगांवला कळलं.

"हव," दयाराम म्हणाला.

सरलानं फोडावर हळद लावली.

दुसऱ्या दिवशी ती डब्याचं निमित्त करून त्याच्याबरोबर गॅरेजात आली आणि डबा ठेवून परत गेली नाही. दयारामनं तुटलेल्या स्टडमध्ये ड्रिलनं भोक पाडायला घेतलं. भोक बरोबर मधोमध आणि सरळ जायला हवं; जरा तिरकं गेलं तर हेडच कापलं जातं. सरलानं उजेडासाठी बॅटरी धरली. ड्रिलचं टोक स्टडच्या तोंडावरून घसरलं. त्यानं पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. घामाच्या धारा डोळ्यांत जात होत्या. मशीन धरलेल्या हाताला आपण किती दाबतो आहोत त्याचा अंदाजच येत नव्हता.

"जरासं डावीकडं जाऊन राहिलं," सरला म्हणाली.

"मले दिसते."

नत्थू पेले घ्यायला आला होता. बॅटरी धरून बोनेटमध्ये वाकलेल्या बाईकडे पाहून हसला. "का उस्ताद, अब भौजी ला घलो मिस्त्री बना डारे?" रस्त्याकडेला उभे असलेले दोघं-तिघं टेम्पोवालेही, वहिनीही मिस्त्री झाली म्हणून, हसले. सरलानं पदर खांद्यावरून ओढून कमरेला खोचला आणि बॅटरी होती तिथंच धरली. दयारामनं मात्र ड्रिल बंद केलं आणि नत्थू जाईपर्यंत उगाच पाने पुसत बसला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा लोकेश आला. पुढे तो मोटरसायकलवर, मागे ऑटोत वेल्डिंगचं मशीन. आता त्याचं पोट सुटलं होतं, केस मागे हटले होते. त्यानं वाकून दयारामच्या पायांना हात लावला, सरलाच्याही लावला.

"काकी, ठीक हो?"

"हव. तू कसा आहे?"

तो हसला नाही. दयारामकडे न पाहता बोलू लागला. "साहब का फोन आया था, उस्ताद. मैं तब से सोच रहा हूँ. टर्बो उतारा था, वो याद है. उधर का नट खोला था कि नहीं, याद नहीं आ रहा. टॉर्क पाने से ही कसता हूँ मैं, हमेशा. पर आपने आँख से देखा है तो वही होगा. मशीन लाया हूँ. मेरा बिगड़ा है तो मैं ही निकालूँगा."

दयारामला वाटलं होतं, तो भांडायला येईल. भांडायला आला असता तर चाललं असतं. भांडणात आवाज चढवता येतो.

"पाहा," तो एवढंच म्हणाला.

लोकेशनं सरलाच्या हातातून बॅटरी घेतली आणि बोनेटमध्ये वाकला. जुना तुटलेला स्टड असता तर त्याचं तोंड काजळीनं काळं पडलेलं असतं, त्यावर गंज चढलेला असता. ड्रिलचे ओरखडे सोडून उरलेलं हे तोंडही चांदीसारखं लखलखत होतं. पीळ देऊन तुटल्याची रेघ त्यावर ताजी होती. हे कळायला कोणी मोठा मिस्त्री लागत नाही. पान्याला हात लावून महिना झालेल्या पोट्ट्यालाही कळतं.

लोकेश वाकलेलाच राहिला. दयाराम त्याच्या पाठीकडे, शर्टावर फुटलेल्या घामाकडे पाहत होता. रस्त्यावरून एक ट्रेलर गेला, पत्रे थरथरले आणि थांबले. लोकेश अजून वाकलेलाच होता.

मग त्यानं हात मागे केला. "नट देना, उस्ताद. बड़ा वाला."

दयारामनं नट दिला. लोकेशनं तो तुटलेल्या स्टडवर बसवला, काळी काच डोळ्यांपुढे धरली आणि नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका सोडला. निळा उजेड पत्र्यावर नाचला. स्टडचं ते लखलखीत तोंड लाल लोखंडाच्या खाली बुजून गेलं. आता ते कोणालाच दिसणार नव्हतं.

"मोमबत्ती है क्या, काकी?"

सरलानं कोनाड्यातली मेणबत्ती दिली. लोखंड लालाचं काळं होऊ लागलं तेव्हा लोकेशनं मेण लावलं. ते वितळून फटीत शिरलं. त्यानं पाना लावला, थोडं पुढे, थोडं मागे, पुन्हा थोडं पुढे. घाई केली नाही. स्टड करकरला आणि नटाला चिकटून वळत वळत बाहेर आला. लोकेशनं तो दाखवला नाही की बघितला नाही. खिशात टाकला.

मग उरलेले नट काढले. एकेक तापवून, मेण पाजून, दोघांनी पाळीपाळीनं. बोलणं कामापुरतंच होतं. मॅनिफोल्ड उतरवला, तोंड घासलं, त्यावर सरळ पट्टी उभी धरून बाक तर नाही ना ते पाहिलं. शिशिरनं नवे स्टड, तांब्याच्या रंगाचे नट आणि फट बुजवणारं गॅस्केट शहरातून पाठवले होते. स्टड हेडमध्ये बसले. गॅस्केट चढलं, मॅनिफोल्ड चढला. वरचे नट लागले. राहिला टर्बोच्या खालच्या अंगाचा एक.

तिथं नजर जात नव्हती, पानाही आधी जात नव्हता. हात घालून नट बोटांनीच धरायचा, स्टडच्या तोंडावर टेकवायचा आणि आट्यात आटा बसवून फिरवायचा. लोकेशचा पंजा जाड; मनगटापाशीच अडकला. तो बाजूला झाला, आणि सवयीनं म्हणाला, "ये तो आपका ही है, उस्ताद."

दयारामनं हात घातला. नट पडला. खाली वाकून शोधला, पुन्हा घातला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी त्याला वाटलं नट बोटांत आहे. हात बाहेर काढून पाहिलं तर बोटं रिकामी होती. नट केव्हाच खाली मातीत पडला होता, आणि ते सरलाला आणि लोकेशला दिसलं होतं.

"माह्या बोटाले काही समजत नाही," दयाराम म्हणाला. मातीकडे पाहतच म्हणाला. "साखरेनं. लय दिवस झाले."

लोकेशनं एकदम वर पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. तुटलेल्या स्टडची आणि या बोटांची गाठ त्याच्या मनात बसली असणार. दयारामनं तिथंच पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. दार उघडंच होतं. तो बोलला नाही.

"मी घालू काय?" सरला म्हणाली.

तिनं बांगड्या दंडाकडे सारल्या. तिचा हात सडपातळ होता. कारखान्यात पॅकिंगला होती तेव्हा पाकिटं भरून भरून बोटं चपळ झाली होती. हात आत गेला, कोपर गेलं. दयाराम तिच्या कानाशी वाकला.

"स्टड लागला हाताले?"

"लागला."

"आता नट टेकव. सुल्टा नको फिरवू. आधी उल्टा फिरव, हळू. टक् करून खाली बसते तो."

"हव. बसला."

"आता सुल्टा. जोर नको लावू. बसला असन तं आपोआप जाते. अडला तं थांब."

"जाऊन राहिला," सरला म्हणाली. तिचे डोळे मिटलेले होते. "जाऊन राहिला."

लोकेशनं मग सगळे नट टॉर्क पान्यानं कसले, मधून सुरू करून बाहेर. ठरलेला जोर लागून पाना टक् वाजला की हात थांबत होता. गाडी सुरू केली. टकटक नव्हती. तापवून, निववून पुन्हा एकदा कस पाहिला.

संध्याकाळी शिशिर आला. बरोबर यज्ञेश्वररावही होते, डोक्याला पंचा गुंडाळलेले. घरात बसून कंटाळले म्हणून आले होते. शिशिरनं इंजिन ऐकलं, समाधानानं मान हलवली आणि लोकेशकडे वळला. नत्थू, टेम्पोवाले, सगळे होतेच.

"एवढं मोठं दुकान टाकून बसलास, लोकेश. लिफ्ट घेतली, बोर्ड लावला. पण काम करताना ध्यान कुठं असतं? अजून शिकून घे जरा उस्तादाकडून."

लोकेश हात पुसत होता. पुसणं थांबलं. "हव, साहब," तो म्हणाला. "आगे से ध्यान रखूँगा."

यज्ञेश्वरराव मागच्या सीटवरून काच खाली करून म्हणाले, "दयाराम, तुझ्या हाताला तोड नाही रे बाबा."

दयारामनं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. गाडी गेली.

लोकेशनं केबल गुंडाळली, मशीन ऑटोत चढवलं. सरलानं चहा मागवला होता. "नहीं काकी, देर हो गई," असं म्हणून तो निघाला. येताना पायांना हात लावला होता. जाताना लावला नाही.

घरी सरलानं भात टाकला आणि चुलीकडे पाठ करून बसली. मग म्हणाली, "तो पोट्टा माह्या हातचं जेवला हाय. आज त्या वकिलासमोर मान खाली घालून उभा होता. मले पाहवलं नाही."

"मंग तू काहून नाही बोलली तथं?"

"माह्यं काम होतं काय ते?"

दयाराम अंगणात जाऊन खाटेवर पडला.

वकील वडिलांना घेऊन नागपूरला गेला. परत येईल तेव्हा सांगू, असं दयारामनं ठरवलं. लोकेशचा नंबर त्यानं कितीदा तरी काढला. घंटी वाजायच्या आत कापला. उन्हात काम नव्हतं तेव्हा तो भिंतीच्या सावलीत बसून राहायचा, आणि बसल्या बसल्या लोकेशचा 'हव, साहब' कानात यायचा.

वकील परत आला, तरी तो गेला नाही. मग एका सकाळी शाळेची व्हॅन चालवणारा शेखर आला. त्याचं काम नेहमी लोकेशकडे असायचं. व्हॅन पत्र्याखाली लावून म्हणाला, "उस्ताद, अब से आप ही देखना. सुना लोकेश आजकल तोड़-फोड़ के वैसे ही दे देता है. बच्चों की गाड़ी है, रिस्क कौन ले."

दयाराम उभा होता तसाच राहिला. बाजूनं नत्थू चहा ओतत मान डोलवत होता. आपण एका भल्या माणसावर टाकलेलं खोटं आता स्वतःच्या पायांनी चालत, व्हॅन घेऊन, आपल्या दारात येऊन उभं राहिलंय, आणि वर रोजगार देऊन राहिलंय, असं त्याला वाटलं.

"लोकेशकडंच ने," तो म्हणाला.

"काय को?"

"ने म्हणलं ना. त्याचं काम चांगलं हाय."

शेखर चमत्कारिक नजरेनं पाहत गेला. एवढ्यानं काही फिटत नव्हतं, हे दयारामला समजत होतं. त्यानं हात धुतले, घरी जाऊन धुवट शर्ट चढवला. गुंडी लागेना, तेव्हा सरलासमोर जाऊन उभा राहिला. तिनं लावून दिली.

"तात्यापाऱ्यात जाऊन येतो," तो म्हणाला.

तिनं डोक्याला बांधायला ओलं फडकं दिलं.

तात्यापाऱ्यातल्या त्या गल्लीत दुपारीही माणसांची ये-जा असते. पानठेला, शिंप्याचं दुकान, वर गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. यज्ञेश्वरराव दाराशी, पंख्याच्या वाऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. शिशिर कोर्टात गेला होता.

"ये, दयाराम. नागपूरला छान गेलो बघ. वास नाही, काही नाही."

"मास्तर, एक सांगायचं होतं."

"काय?" त्यांनी कानामागे हात धरला. "मशीन बिघडलंय कानाचं. जोरात बोल."

"त्या गाडीचा स्टड," दयाराम आवाज वाढवून म्हणाला, "लोकेशनं नाही तोडला."

"लोकेशनं तोडला, हो, शिशिर म्हणाला."

"नाही. लोकेशनं नाही."

"अरे, जोरात बोल."

शिंप्याचं मशीन थांबलं होतं. वरच्या गॅलरीतली बाई कपडे काढता काढता थबकली. दयारामनं एकदा गल्लीकडे पाहिलं. परत जावं असंही त्याच्या मनात आलं. मग त्यानं श्वास घेतला.

"मी तोडला. माह्या हातानं तुटला. अन् मी लोकेशचं नाव घेतलं. खोटं बोललो मी."

आवाज गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेला असेल. पानठेल्यावरचा माणूस वळून पाहू लागला. आता म्हाताऱ्याला ऐकू आलं होतं. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. वर्गात पोराकडे पाहावं तसं.

"काहून?" त्यांनी विचारलं. असा मास्तरकीचा माणूसही त्या घडीला गावचं बोलला.

"लाज वाटली," दयाराम ओरडून म्हणाला. हे सांगायला ओरडावं लागावं यापेक्षा मोठी लाज त्याला आजवर वाटली नव्हती.

यज्ञेश्वरराव उठले, आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले. तो पाणी प्याला. "शिशिरला मी आत्ताच फोन करतो," ते म्हणाले. "त्याचं मी पाहतो. त्याला राग येईल, आणि यावाच. पण लोकेशला तू सांगितलंस का?"

दयारामनं नाही अशी मान हलवली. ती ऐकायला कान लागले नाहीत.

"मग इथं काय बसलास?"

समता कॉलनीत पोचेपर्यंत डोक्यावरचं फडकं सुकून गेलं होतं. लोकेशच्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवलेली होती. लोकेश खाली उभा राहून वर हात करून काम करत होता. त्यानं दयारामला येताना पाहिलं आणि हात खाली घेतले नाहीत.

"साहब का फोन आ गया," तो म्हणाला. "माफी माँग रहे थे."

दयाराम वाटेत जुळवून आणलेले शब्द विसरला. "मले तुले सांगायचं होतं."

"मैंने तो वहीं देख लिया था, उस्ताद. चमक रहा था."

"मालूम हाय मले. तू पाह्यलं ते मी पाह्यलं."

"तो फिर?" लोकेश पाना तसाच धरून त्याच्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नव्हता. "उसी टाइम बोल देते. सबके सामने नहीं, मेरे अकेले को बोल देते. हाथ का बताया, तब बोल देते. मैं क्या करता? कुछ नहीं करता. घर जाके अपनी औरत को बोला मैंने, मेरी गलती थी. उसको झूठ बोला. आपका नाम कैसे लेता मैं?"

दयारामजवळ बोलण्यासारखं होतं ते तात्यापाऱ्याच्या गल्लीत ओरडून झालं होतं, आणि इथं त्यातलं काही कामाला येत नव्हतं.

लोकेश पुन्हा गाडीखाली वळला. दयाराम जायलाही धजेना, बसायलाही. तेल सांडलेल्या फरशीवर, लोकांच्या वाटेत, तो उभा राहिला. तेवढ्यात एक गिऱ्हाईक घाईनं आत आलं. चावी हलवत, दयारामला बाजूला हो म्हणून खूण करत त्यानं लोकेशला विचारलं, "ये कौन हैं? रास्ते में खड़े हैं."

लोकेशनं वर केलेले हात थांबवले नाहीत. नट आवळतच, मागे न पाहता तो म्हणाला, "मेरे उस्ताद हैं. सारा काम इन्हीं से सीखा."

त्या अनोळखी माणसानं ओशाळून झटकन नमस्कार केला. दयारामलाही हात जोडावे लागले. माणूस चावी ठेवून, गाडीचं काही सांगून निघून गेला, तरी दयाराम तिथं तसाच, हात जोडून उभा होता.